आप्पांचं विसरणं: दारूमुळे, शुगरमुळे की वयामुळे?

माग_आणि_मी
१२ जून, रात्री १०:४०

आमचे आप्पा ६३ वर्षांचे आहेत. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात ३० वर्षं जॉबर होते. जॉबर म्हणजे मागाची दुरुस्ती बघणारा माणूस. सगळे माग एकदम खडखडत असताना आप्पा दारातूनच सांगायचे की तिसऱ्या ओळीतल्या मागाचा पट्टा सैल झालाय. त्याच माणसाला आता सकाळी नाश्ता केला की नाही, हे दहा वाजता आठवत नाही.

दारू तरुणपणापासूनची. आधी पगाराच्या दिवशी, मग रोज एक क्वार्टर, शेवटची सात-आठ वर्षं रोज दोन. शुगर निघून १२ वर्षं झाली, दोन वेळा गोळ्या आहेत. जेवण जवळजवळ नाहीच. संध्याकाळी बसले की फरसाण खातात आणि तसेच झोपतात.

वर्षभरात तोच प्रश्न दहादा विचारणं वाढलं. त्याची सवय झाली होती. पण गेल्या रविवारी शेजारच्या काकांना सांगत होते की सकाळी नातवाला घेऊन गड्ड्याला गेलो, पाळण्यात बसवलं, होम मैदानावर गर्दी फार होती, भजी खाल्ली. गड्डा म्हणजे आमची सोलापूरची जत्रा, ती भरते संक्रांतीला आणि आत्ता जून चालू आहे. त्या दिवशी ते उंबऱ्याबाहेरही गेले नव्हते. सांगताना चेहरा इतका सरळ की काकांनी मला येऊन विचारलं, गड्डा परत भरलाय का म्हणून.

आई बिड्या वळता वळता हे ऐकत होती. सूप बाजूला ठेवून ओरडली, "आयुष्यभर प्याला तो प्याला, आता खोटंही बोलायला लागला." आप्पा गप्प बसले. त्यांना आपण काय चुकलो तेच कळलं नव्हतं.

जुनं मात्र सगळं आठवतं. नरसिंग गिरजी मिलचा भोंगा, कुठल्या शेठकडे कुठले माग होते, सगळं. चालताना पाय फाकवून चालतात, भिंत धरतात, तळपायांची आग होते म्हणतात. एका डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले वय झालं. मला ६३ हे एवढं वय वाटत नाही. कुणाला अनुभव आहे का?

नीलमनगर
१२ जून, रात्री ११:०५

वाचून अंगावर काटा आला. माझे सासरे अगदी असंच करायचे. पेन्शन आणायला बँकेत जाऊन आलो म्हणायचे, रांगेत कोण कोण भेटलं ते सांगायचे, आणि पासबुक कपाटात तसंच. आम्ही सगळ्यांनी त्यांना खोटारडं ठरवलं. मी सुद्धा. २०१९ ला गेले. कुणीतरी तेव्हा सांगायला हवं होतं की हा आजार असू शकतो.

विजापूर_वेस
१३ जून, सकाळी ७:२०

दारू आजच्या आज बंद करा. घरातल्या बाटल्या मोरीत ओता, पैसे हातात देऊ नका, आठ दिवस खोलीत ठेवा. रोज भिजवलेले बदाम आणि ब्राह्मीचा काढा द्या. माझ्या मामांना असंच सरळ केलं होतं.

कोरडा_चौथं_वर्ष
१३ जून, सकाळी ७:५५

विजापूर_वेस, तुमचा हेतू चांगला आहे पण असं कृपा करून कुणाला सांगू नका. जीव जातो.

मी १९ वर्षं प्यालोय. एकदा रागाच्या भरात बायकोसमोर शपथ घेऊन एका झटक्यात सोडली. पहिला दिवस हात थरथरले, घाम. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फीट आली, जीभ चावली गेली. तिसऱ्या रात्री भिंतीवरून मुंग्यांच्या रांगा उतरायला लागल्या. एकही मुंगी नव्हती. मी अंथरूण झाडत होतो आणि बायकोला ओळखत नव्हतो. सिव्हिलला नेलं म्हणून आज हे टाइप करू लागलोय.

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू तोडायची ती डॉक्टरच्या नजरेखाली. मेंदू इतकी वर्षं दारूच्या गुंगीशी जुळवून बसलेला असतो, ती अचानक काढली की तो पेटतो. पहिल्या दोन दिवसांत फीटचा धोका, दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास भास आणि बडबड. यावर चांगली औषधं आहेत. खोलीत कोंडणं हे औषध नाही.

जनरल_वॉर्ड
१३ जून, दुपारी ३:१०

मी मेडिसिनचा डॉक्टर आहे. पेशंट न पाहता निदान करणार नाही. पण धाग्यातलं वाचून एवढं नक्की सांगतो की त्यांना या आठवड्यातच दाखवा, शक्य असेल तर उद्याच.

सर्वात आधी आईंना सांगा की आप्पा बहुतेक खोटं बोलत नाहीत. खोटं बोलणाऱ्याला खरं काय ते माहीत असतं. इथे मेंदूत नवी आठवण बसतच नाही, मग कुणी विचारलं की मेंदू त्या रिकाम्या जागेत जुन्या आठवणींचे तुकडे आणून भरतो. गड्डा खरा होता, नातू खरा होता, पाळणा खरा होता, फक्त ते सगळं "आज सकाळी" नव्हतं. त्यांना स्वतःला ते शंभर टक्के खरं वाटतं. सर्गेई कोर्साकोव्ह या रशियन डॉक्टरने १८८७ पासून अशा रुग्णांची वर्णनं लिहिली, म्हणून त्याला कोर्साकोव्ह सिंड्रोम म्हणतात. जुनं लख्ख, नवं कोरं, आणि मधल्या फटीत अशा गोष्टी.

याच्या आधीची एक पायरी असते, ती जास्त महत्त्वाची, कारण तिथे माणूस वाचवता येतो. कार्ल वेर्निके यांनी १८८१ मध्ये तिचं वर्णन केलं. गोंधळलेपण, पाय फाकवून तोल सांभाळत चालणं, आणि डोळ्यांची हालचाल बिघडणं: बुबुळं थरथरतात, किंवा एकाचे दोन दिसतात. तिन्ही लक्षणं एकत्र दिसलीच पाहिजेत असं नाही. बऱ्याच जणांत एक किंवा दोनच असतात आणि तिथेच चूक होते, कारण पिणारा माणूस अडखळला की सगळे म्हणतात, चढलीय.

कारण साधं आहे. थायामिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. मेंदूच्या पेशी साखरेपासून ऊर्जा काढतात, त्या कामाला थायामिन लागतं. शरीरात त्याचा साठा जेमतेम ३० मिलिग्रॅमच्या आसपास, खाण्यातून आलंच नाही तर दोन-तीन आठवड्यांत संपतो. दारू पिणाऱ्याचं तिहेरी नुकसान होतं. जेवण कमी, आतड्यातून शोषण कमी, आणि खराब झालेलं लिव्हर साठवत नाही. मग मेंदूच्या मधोमध असलेले, आठवणींच्या वाटेवरचे छोटे भाग, थॅलॅमस आणि मॅमिलरी बॉडीज, मरायला लागतात.

आता एक गोष्ट मोठ्या अक्षरात लिहिली असं समजा. आपल्याकडे अशक्त माणूस आणला की नातेवाईक आधी म्हणतात, "सलाईन लावा." त्या बाटलीत बऱ्याचदा ग्लुकोज असतं. थायामिन संपलेल्या मेंदूत नुसतं ग्लुकोज ओतलं तर उरलंसुरलं थायामिनही खर्च होतं आणि माणूस आणखी बिघडू शकतो. म्हणून दाखल करताना पहिल्या मिनिटाला सांगा: हे रोज इतकी दारू पितात, जेवत नाहीत, आधी थायामिनचं इंजेक्शन द्याल का. गोळी पुरत नाही, कारण आतडं ती नीट शोषत नाही. लाज वाटून दारूचं प्रमाण अर्धं करून सांगू नका. मी वॉर्डात रोज "कधीतरी घेतात" ऐकतो आणि त्या दोन शब्दांनी उपचार चुकतात.

माग_आणि_मी
१३ जून, रात्री ९:३०

डॉक्टर, खूप आभार. वाचून आईला दाखवलं. ती काही बोलली नाही, स्वयंपाकघरात गेली.

एक राहिलं होतं. मे महिन्यात एकदा पहाटे आप्पा घामाने निथळत होते, जीभ जड, हात कापत होते, काहीबाही बोलत होते. आम्हाला वाटलं पहाटेच घेतली. शेजारच्या काकूंनी साखरपाणी पाजलं आणि दहा मिनिटांत माणूस जाग्यावर. हे काय होतं? आणि डॉक्टर म्हणतात त्याप्रमाणे साखर देणं चुकलं का?

औषधाचं_दुकान
१३ जून, रात्री १०:१५

काकूंनी त्या दिवशी जीव वाचवलाय, त्यांना तसं सांगा.

माझं मेडिकल आहे, २२ वर्षं काउंटरवर उभा आहे. तुमच्या आप्पांच्या पाकिटावर ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड असं काही लिहिलंय का बघा. या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, पोटात अन्न असो नसो. रात्री उपाशी माणसाची शुगर लिव्हर सांभाळतं, स्वतः साखर तयार करून रक्तात सोडतं. पण दारू आली की लिव्हर ती जाळण्यात गुंततं आणि साखर बनवणं बंद पडतं. एकीकडे गोळी शुगर खाली ओढतेय, दुसरीकडे भरून काढणारा कामावर नाही, पोट रिकामं. म्हणून रात्री प्यालेल्याची शुगर पहाटे पडते, कधी दुसऱ्या दिवशी दुपारी सुद्धा.

वाईट गोष्ट अशी की शुगर पडलेला माणूस आणि प्यालेला माणूस दिसायला सारखेच. घाम, अडखळणं, चिडचिड, बरळणं. तोंडाला वास असेल तर घरचे चादर टाकतात आणि झोपू दे म्हणतात. माझ्या ओळखीतला एक माणूस असाच झोपेत गेला, वय ५१.

शुगर तपासायचं मशीन घरात ठेवा. ७० च्या खाली दिसलं की शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी परत तपासा, सुधारल्यावर काहीतरी खायला द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नका, श्वासात जातं, थेट १०८ ला फोन.

जनरल_वॉर्ड
१३ जून, रात्री १०:५०

अगदी बरोबर. माझ्या लिहिण्याचा गोंधळ होऊ नये म्हणून: शुगर पडली असेल तर साखर ताबडतोब, तिथे थायामिनची वाट बघायची नाही. दवाखान्यात दोन्ही बरोबरीने देता येतात.

मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण ऊर्जा तो जवळजवळ एक पंचमांश खातो, आणि स्वतःकडे साखरेचा साठा ठेवत नाही. त्यामुळे शुगर पडणं हा मेंदूवरचा थेट घाव. वयस्क मधुमेहींमध्ये शुगर वारंवार फार खाली गेलेल्यांना पुढे डिमेन्शियाचा, म्हणजे स्मरणशक्ती आणि विचारशक्ती ढासळत जाण्याचा, धोका जास्त असल्याचं २००९ मध्येच अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं होतं. म्हणून अशा पेशंटची शुगर अगदी कडक ठेवण्याचा हट्ट आम्ही धरत नाही, एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, थोडं सैल चालतं.

आणखी एक. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ कमी होतं. त्याने तळपायांची आग, बधिरपणा, तोल जाणं, विसरणं, सगळं होऊ शकतं. शाकाहारी असतील तर आणखी लवकर. साधी रक्ततपासणी आहे, सांगून करून घ्या.

जुळेसोलापूर
१४ जून, सकाळी ९:००

दारूचं पटतं. पण शुगरने स्मरणशक्ती जाते हे जरा जास्त होतंय. आमच्या आजोबांना ३५ वर्षं शुगर होती, चाटी गल्लीतल्या दुकानाचा हिशोब ८४ व्या वर्षीही तोंडपाठ. आज देशात १० कोटी लोकांना मधुमेह आहे, सगळे विसराळू झालेत का?

जनरल_वॉर्ड
१४ जून, दुपारी २:४०

नाही झाले, आणि सगळे होणारही नाहीत. आजोबांचं ऐकून आनंद वाटला. धोका वाढणं आणि होणारच असणं यात फरक आहे. मधुमेह असलेल्यांत डिमेन्शियाचं प्रमाण साधारण दीडपट दिसतं, आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या बिघडून होणारा जो प्रकार, त्यात दुपटीहून अधिक. वर्षानुवर्षं वाढलेली शुगर डोळ्याच्या पडद्याच्या, किडनीच्या बारीक रक्तवाहिन्या खराब करते हे आपण मानतो. मेंदूत त्याच जातीच्या वाहिन्या आहेत. तिथे बारीक बारीक झटके येऊन जातात, हातपाय लुळे पडत नाहीत, कुणाला कळत नाही, पण विचार मंद होतो, एकामागून एक करायची कामं विस्कटतात.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या आयोगाने डिमेन्शियाची टाळता येण्याजोगी १४ कारणं दिली आहेत, ती सगळी हाताळली तर जगातले सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकतात असा त्यांचा अंदाज. त्यात मधुमेहही आहे आणि अति मद्यपानही. आणि फ्रान्समध्ये २०१८ च्या अभ्यासात ६५ च्या आत डिमेन्शिया झालेल्या सुमारे ५७ हजार लोकांत निम्म्याहून अधिक जण दारूशी जोडलेले होते. धागाकर्त्याचे वडील ६३ चे आहेत, म्हणून हा आकडा सांगितला.

आजोबा पीत होते का, हेही विचारायला हवं.

जुळेसोलापूर
१४ जून, दुपारी ३:१५

कधीच नाही. माळकरी होते. पटलं डॉक्टर.

कडकभाकरी
१४ जून, सायंकाळी ६:००

थायामिन खाण्यातून मिळणार नाही का? आपल्याकडे ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, मोडाची मटकी हे रोजचंच.

जनरल_वॉर्ड
१४ जून, सायंकाळी ६:३५

चांगला प्रश्न. ज्वारी, शेंगदाणे, डाळी, कडधान्यं यांत थायामिन चांगलं असतं. जेवणारा सोलापूरकर सहसा कमी पडत नाही. पॉलिश केलेल्या तांदळात ते कोंड्याबरोबर निघून जातं. पण पिणाऱ्याच्या घरात भाकरी टोपल्यात असते आणि तो जेवत नाही, जेवला तरी शोषत नाही. एकदा लक्षणं दिसल्यावर चटणी-भाकरीने ते भरून निघत नाही. इंजेक्शननंतर मात्र हेच जेवण त्याला टिकवतं.

धागाकर्ते, अजून एक विचारायचं राहिलं: आप्पा अलीकडे पडले होते का? डोक्यावर?

माग_आणि_मी
१४ जून, रात्री ८:१०

हो. महिनाभरापूर्वी मोरीत घसरले होते. कपाळाला टेंगूळ आलं होतं, दोन दिवसांत उतरलं, म्हणून सोडून दिलं.

जनरल_वॉर्ड
१४ जून, रात्री ८:२५

मग उद्याच जा, आणि सीटी स्कॅन करून घ्या. दारूने मेंदू थोडा आकसतो, त्यावरच्या बारीक शिरा ताणल्या जातात, साध्या पडण्यानेही तुटतात आणि कवटीखाली रक्त हळूहळू साचत राहतं. लक्षणं कधी कधी आठवड्यांनी येतात. लिव्हरचीही तपासणी हवी. लिव्हर निकामी व्हायला लागलं की अमोनिया वाढून माणूस दिवसा झोपतो, रात्री जागतो, भांबावतो. यातलं बरंच बरं होणारं आहे. सगळ्यावर "विसरतात" एवढंच लिहून बसलो तर बरं होणारंही हातचं जातं.

नीलमनगर
१९ जून, रात्री १०:००

काही कळलं का? रोज धागा उघडून बघते.

माग_आणि_मी
२ जुलै, रात्री ११:२०

उशिरा लिहितोय, माफ करा. आप्पांना १५ तारखेला सिव्हिलला नेलं. ११ दिवस ठेवलं. दारात मीच सांगितलं, रोज दोन क्वार्टर, जेवण नाही. शिरेतून थायामिन सुरू झालं. सीटीत रक्तस्राव नव्हता, मेंदू वयाच्या मानाने आकसलेला आहे म्हणाले. बी-१२ फार कमी निघालं. शुगरची गोळी बदलली, पहाटे शुगर पाडणारी बंद केली. दारू तुटतानाची औषधं दिल्यामुळे फीट आली नाही. दुसऱ्या रात्री खूप घाबरले होते, मी हात धरून बसलो.

डोळे तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्थिर झाले. बुबुळं थरथरत होती हे आम्हाला कधी दिसलंच नव्हतं, डॉक्टरांनी दाखवलं तेव्हा कळलं. चालणं बरंच सुधारलंय. आठवण नाही सुधारली. घरी आल्यावर तासाभराने विचारलं, आपण कुठून आलो?

जनरल_वॉर्ड
३ जुलै, सकाळी ८:००

हा क्रम तसाच असतो. डोळे आधी, मग चाल, आठवण सगळ्यात शेवटी आणि अर्धवट. ठोकळमानाने एक चतुर्थांश लोक चांगले सुधारतात, तेवढ्यांनाच काहीच फरक पडत नाही, बाकीचे मधे कुठेतरी. महिने लागतात, कधी वर्ष-दोन वर्षं. एक अट आहे: दारू पूर्ण बंद. थोडी चालेल का, हा प्रश्नच नाही.

हाताच्या सवयी मेंदूत वेगळ्या ठिकाणी राहतात. त्या बहुतेक वाचलेल्या असतात, वापरून बघा.

कोरडा_चौथं_वर्ष
३ जुलै, सकाळी ८:४०

विसरणाऱ्या माणसाला आपण सोडलीय हेही आठवत नाही, म्हणून तो परत मागतो. त्याला वचन मोडलं म्हणू नका. घरात थेंब ठेवू नका, नेहमीच्या दुकानदाराला जाऊन सांगून या. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून चालू आहे, त्यांच्याशी बोला. एए, म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडलेल्यांचा गट, त्यांच्या मीटिंगला पैसे पडत नाहीत. रात्री-अपरात्री बोलायचं झालं तर सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेलिमानस, १४४१६. आणि आईंना एकदा तरी अशा घरच्यांच्या बैठकीत न्या, माझी बायको तिथे गेल्यावर पहिल्यांदा रडली.

माग_आणि_मी
२४ ऑगस्ट, रात्री १०:१५

७० दिवस झाले. दोनदा बाहेर पडून दुकानापर्यंत गेले, दुकानदाराने परत घरी आणून सोडलं. त्या माणसाचे उपकार आहेत.

दारावर पाटी लावली आहे, रोज सकाळी आई खडूने वार, तारीख आणि "गोळी घेतली" लिहिते. तिला लिहिता येतं तेवढंच, पण लिहिते. नव्या गोष्टींतलं थोडं टिकायला लागलंय. परवा न विचारता म्हणाले, काल पाऊस होता. होता.

डॉक्टर, तुमच्या शेवटच्या ओळीवरून त्यांना जुन्या कारखान्यात घेऊन गेलो. शेठचं नाव आठवलं नाही. एका मागापाशी थांबले, कान लावला, पाना मागितला आणि घट्ट केलं. घरी येईपर्यंत तिथे गेल्याचं विसरले होते. हाताला ग्रीस लागलेलं बघून विचारत होते, हे कसलं.

गड्ड्याची गोष्ट अजून सांगतात. आता आई विचारते, भजी कसली होती, कांद्याची का मिरचीची.

बाळीवेस
२५ ऑगस्ट, सकाळी ६:५०

सगळा धागा रात्री वाचला. माझा भाऊ ४४ चा, रोज पितो, शुगर आहे, दोन महिन्यांपासून किल्ल्या, पैसे, मुलांच्या शाळेची वेळ विसरतोय. तो दवाखान्यात यायला तयार नाही. मी काय सांगून नेऊ?

माग_आणि_मी
२५ ऑगस्ट, सकाळी ७:१०

दारूसाठी चला म्हणू नका. पायांची आग होते का विचारा, होतेच बहुतेक, त्यासाठी म्हणून न्या. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घ्या. किती पितो ते तुम्ही आधी आत जाऊन डॉक्टरांना सांगा, खरा आकडा. मी आज दुपारनंतर मोकळा आहे, मेसेज करा, सोबत येतो.